ओमप्रकाश आणि साठ नंबरचं कार्ड

ओमप्रकाश आडेला स्वस्थ बसलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही. खुर्चीत असला तरी त्याचा उजवा पाय हलत असतो, आणि हातात मोबाईल असला की अंगठा पडद्यावर खालून वर, खालून वर फिरत राहतो. हिंगोलीत बसस्थानकामागच्या गल्लीत खताच्या दुकानावर एक खोली आहे. तिथं तो आणि त्याची बायको शिवकन्या लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतात. ठिकठिकाणचे फोटोग्राफर शूटिंग भरलेल्या हार्ड डिस्क आणून देतात आणि त्या पसाऱ्यातून ही दोघं बघण्याजोगी फिल्म काढून देतात. जिन्यातून युरियाचा वास वर येतो. नव्या माणसाच्या तो नाकात बसतो. या दोघांना आता येतच नाही.

पण जिल्ह्यात ओमप्रकाशचं नाव आहे ते एडिटिंगमुळे नाही, ग्राफिक्स कार्डमुळे. पडद्यावरचं चित्र न अडखळता हलावं म्हणून कॉम्प्युटरच्या पोटात जे वेगळं कार्ड बसवतात, ते कोणतं घ्यावं, केव्हा घ्यावं, केवढ्याला घ्यावं, हे विचारायला लोक त्याला फोन करतात. गेम खेळणारी कॉलेजची पोरं करतात, घरांचे नकाशे काढणारे करतात. तो प्रत्येकाला नीट समजावून सांगतो. कंपनी परदेशात मंचावर उभी राहून जो भाव जाहीर करते तो डॉलरमधला असतो. त्याचे रुपये झाले, त्यावर जीएसटी चढला, आणणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा वाटा चढला, की हिंगोलीला पोचेपर्यंत त्या भावाची ओळख पटत नाही. म्हणून माल आल्या आल्या हात लावायचा नाही. नवी पिढी आली की जुनीचा भाव उतरतो, पण तोही लगेच नाही. एवढं सगळं सांगून झालं की शेवटी तो म्हणतो, "थांबा जरा."

कळमनुरीचा रणजीत, त्याचा सगळ्यात जुना फोटोग्राफर, त्याला म्हणायचा, "ओमभाऊ, तुमाला सोयरीक विचाराया नको बाबा. पोरीचे केस पांढरे होतील, तरी तुमी म्हनताल थांबा."

ओमप्रकाश हसायचा. हसताना पाय हलायचा.

हे थांबणं त्याला बापाकडून आलं होतं. धर्मसिंग आडे, साखऱ्याच्या बाजूच्या तांड्यावरचे. त्यांच्या पणजोबांच्या पिढीनं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथे घातले होते. धर्मसिंगांच्या वाट्याला थोडीशी माळाची जमीन आणि बैलबाजारातली दलाली आली. लहानपणी ओमप्रकाश त्यांच्या मागं मागं बाजारात फिरे. धर्मसिंग सकाळीच एखादी जोडी हेरत. दात बघत, खांदा चाचपत, छातीवर वीत लावत, दोन पावलं चालवून खूर कसे पडतात ते पाहत. मग उपरण्याखाली विकणाऱ्याचा हात धरून बोटांनी भाव सांगत, आणि तो नको म्हणाला की हात सोडून खुशाल उठून जात. लांब बाभळीखाली बसून तंबाखू मळत राहत. दुपार टळे. बाजार पातळ होई. विकणारा आधी दोरी या हातातून त्या हातात घेई, मग आपल्या जनावराकडे बघे, मग बाभळीकडे. गाव लांब, जनावर उपाशी, परत नेलं तर पुढच्या बाजारापर्यंतची वैरण अंगावर. उन्हं कलली की तो स्वतःच चालत येई. ओमप्रकाशला त्या येणाऱ्या माणसाचे धुळीनं माखलेले पाय अजून आठवतात. ते जवळ येईपर्यंत तो त्यांच्याकडेच बघत राही. धर्मसिंग मात्र मान वर करत नसत.

पहिलं कार्ड त्यानं घेतलं ते न थांबता. वय कमी होतं, लग्नाच्या दोन ऑर्डरी हातात होत्या, आणि बाप बरोबर नव्हता. कार्डांच्या प्रत्येक पिढीत पन्नास, साठ, सत्तर, ऐंशी असे नंबर असतात. पन्नास भागवून घेणाऱ्याचं, ऐंशी हौसेचं, आणि साठ मधल्या माणसाचं. त्यानं साठ घेतलं होतं, सहा जीबी मेमरीचं. नांदेडहून ते डब्यासकट मांडीवर घेऊन तो बसनं आला होता, आणि सगळ्या वाटेत त्यानं डबा खाली ठेवला नव्हता.

पुढची पिढी आली तेव्हा साठवर मेमरी पुन्हा सहाच होती आणि भाव मात्र चढा. तो म्हणाला, जाऊ द्या. त्याच्या पुढच्या पिढीत कंपनीनं साठवर एकदम बारा मेमरी दिली. ओमप्रकाश खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाला, हे जनावर. पण तो लॉकडाऊनचा काळ. माल येत नव्हता, आणि जो येत होता तो कॉम्प्युटरवर बिटकॉइनसारखी नाणी खोदणारे लोक ढिगानं उचलत होते. जाहीर झालेला भाव एक आणि दुकानातला त्याच्या दुप्पट. तो थांबला. भाव उतरला तेव्हा पुढची पिढी दारात उभी होती, म्हणून पुन्हा थांबला. ती आली तर बाराची आठ झालेली, आणि मेमरीतून माल ने-आण करायची वाट, जिला तो छाती म्हणायचा, ती एकशे ब्याण्णव बिटची एकशे अठ्ठावीसवर आलेली.

"लाल कंधारी बैल म्हनून गावठी गोऱ्हा गळ्यात मारून राहिले," तो फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. "नाव तेच ठिवलं. अंग काढून घेतलं."

मग त्यानं मागच्या पिढीतलं बाराचं शोधायला घेतलं, तोवर चांगला माल संपत आलेला. त्यानंतर अजून एक पिढी आली. साठवर पुन्हा आठ. दर वेळी त्याचं म्हणणं खरं होतं. त्याच्या सांगण्यावरून थांबलेल्या कितीतरी जणांचे पैसे वाचले होते, आणि लोक तसं सांगतही. फक्त त्याच्या स्वतःच्या मशीनमध्ये तेच पहिलं साठ घरघरत होतं. पंख्याची एक पात तुटलेली होती. उन्हाळ्यात ते तापायचं तेव्हा तो मशीनचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावायचा आणि तरीही अधूनमधून हात लावून बघायचा, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

शिवकन्या सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या तांड्यावरची. लग्न होऊन आली तेव्हा तिला कॉम्प्युटर चालू करण्यापुरता येत होता. एडिटिंग ओमप्रकाशनं शिकवलं. वर्षभरातच त्याच्या लक्षात आलं की आपण शिकवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तो व्हिडिओ जोडायचा. ती लग्न लावायची.

तिची एक पद्धत होती, जी त्या जुन्या कार्डामुळे पडली होती. मशीनवर चित्र अडखळायचं, दोन पावलं चालून थबकायचं, पण आवाज थबकत नसे. म्हणून शिवकन्या चित्राकडे बघायचंच सोडून द्यायची. कानाला हेडफोन लावून, डोळे अर्धवट मिटून, आवाजावर कापायची. मंगलाष्टकाच्या कोणत्या ओळीला भटजींचा आवाज चढतो, अक्षता पडल्यावर टाळ्या आणि बँड यांच्या मधे जो एक क्षण रिकामा असतो तो कुठं आहे, मुलीच्या आईनं नाक ओढलं ते कुठं, हे तिला कानांनी कळे. तिथं ती बोट दाबायची. आपण कापलेली फिल्म सलग चालताना कशी दिसते, हे तिनं या खोलीत कधी पाहिलं नव्हतं. बाहेर काढलेली फाईल पेनड्राईव्हवरून फोटोग्राफरकडे जायची आणि तिथून लग्नाच्या घरी.

यंदा दसऱ्याच्या सुमाराला रणजीतनं नवा कॅमेरा घेतला. त्याची पहिली फाईल जुन्या साठवर उघडली तेव्हा पडदा हिरवा झाला आणि मशीन बंद पडलं. रणजीत उभ्या उभ्याच बोलला. यापुढचं सगळं शूटिंग याच कॅमेऱ्यावर होणार, औंढ्याचे दोघे फोटोग्राफरही असाच कॅमेरा घेणार. तुळशीच्या लग्नाला मशीन तयार असेल तर तिघांचा सबंध सीझन हिंगोलीत. नसेल तर नांदेडला एक स्टुडिओ आहे, तिथं द्यावं लागेल. त्याला वाईट वाटत होतं, हे त्याच्या चहा अर्धा टाकण्यावरून कळत होतं.

तो गेल्यावर शिवकन्यानं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत सांगितलं की त्याच स्टुडिओनं तिला आधीच विचारलं आहे. तिची बहीण मिना नांदेडला राहते, तिच्याकडे सोय होईल.

"तुळशीच्या लग्नापोतर कार्ड आलं तर मी हितंच हाय," ती म्हणाली. "न्हाई आलं तर मी मिनाकडं जाते. सीझनभर. मला काम पायजे. ह्या मशीनची घरघर ऐकत बसाया न्हाई जमनार आता."

ती चिडली नव्हती. त्यामुळेच ओमप्रकाशला ते लागलं. तो म्हणाला, येईल की कार्ड. पैसे तर बाजूला काढलेले होतेच.

आणि खरंच होते. उन्हाळ्याच्या सीझनमधले काही, तिच्या भिशीतले काही, खात्यात जमा होते. कोणतं कार्ड घ्यायचं तेही त्यानं ठरवलेलं होतं. नव्या पिढीतलं साठच, पण पुढं दोन अक्षरं जोडलेलं, सोळा मेमरीचं. रणजीतच्या कॅमेऱ्याच्या फाईली ते सहज उघडणार होतं. "पोट मोठं हाय, पर छाती तीच बारकी," असं पुटपुटत तो दिवाळीआधी नांदेडला गेला.

रामजीशेठच्या दुकानात ते एकच होतं. मागच्या फळीवर, बाकीच्या डब्यांच्या वर आडवं ठेवलेलं. ओमप्रकाश वर्षानुवर्षं त्या दुकानात भाव विचारायला येत होता, आणि रामजीशेठला त्याचा राग नव्हता; इतकं कळणारं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. शेठनी भाव सांगितला. ओमप्रकाशनं आपला सांगितला. फरक फार नव्हता. एखाद्या ऑर्डरीत निघाला असता. पण ओमप्रकाशच्या अंगात बाभळ होती. तो म्हणाला, न्हाई परवडत शेठ, आणि उठून निघाला.

दारापर्यंत तो सावकाश गेला. पायरीवर चप्पल घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मागून हाक आली नाही.

समोरच्या टपरीवर त्यानं चहा घेतला, मग पुन्हा घेतला. तिथून दुकानाचं दार दिसत होतं. गिऱ्हाइकं आत जात होती, कीबोर्ड, माऊस, वायरी घेऊन बाहेर येत होती. प्रत्येकाच्या पिशवीचा आकार तो बघत होता. उन्हं कलली. त्याचा पाय आता इतका हलत होता की बाकड्यावरचा दुसरा माणूस उठून उभा राहिला. शेवटी तो स्वतःच रस्ता ओलांडून गेला. चालताना त्याची नजर आपल्या पायांवर गेली, आणि पायांवर वाटेतली धूळ होती.

रामजीशेठ दिवाळीच्या माळा लावत होते. "ओमभाऊ, भाव वोइच है," ते स्टुलावरून म्हणाले. "घ्यायचं तर घ्या. न्हाई तर दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर, हे शब्द ओमप्रकाशनं पकडले. पाडव्याला दुकानदाराचं नवं वर्ष. जुना माल अंगावर ठेवून कुणी नवं वर्ष सुरू करत नाही. शेठ आतून मऊ झालेत, फक्त बोलत नाहीत, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि रिकाम्या हातानं बस पकडली.

घरी शिवकन्यानं त्याच्या हाताकडे पाहिलं. त्यानं पाडव्याचं गणित मांडून सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "बैल दावणीला उभा राह्यला तर कडबा खातो. त्यो डबा काय खाऊन राहिला तिथं?"

ओमप्रकाश हसला. मग हसणं थांबलं. तो म्हणाला की बाजार सगळीकडं सारखाच असतो. शिवकन्यानं भाकरी तव्यावर टाकली.

दिवाळीला दोघं तांड्यावर गेले. संध्याकाळी तांड्यावरच्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर फिरत होत्या, थोरांना ओवाळत होत्या, गात होत्या. भिकाबाई, त्याची आई, दारात ताट घेऊन उभी. ओमप्रकाश मात्र टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीपाशी, कारण मोबाईलला रेंज तिथंच. दुकानांचे भाव तो एकामागून एक उघडत होता. बातम्या येत होत्या. एआयची जी अवाढव्य केंद्रं जगभर उभी राहत होती त्यांना मेमरी हवी होती, आणि ती इतकी की बाकीच्यांना पुरेना. मेमरीचा भाव चढू लागला होता. म्हणजे आज ना उद्या कार्डांचाही. खाली दिव्यांची ओळ एका घरातून दुसऱ्या घरात सरकत होती. त्यात शिवकन्या कुठं उभी आहे हे तो शोधत होता, आणि पुन्हा पडद्याकडे बघत होता.

धर्मसिंग काठी टेकत टाकीपर्यंत आले. त्यांना पोराचं काम नीट कळत नसे, पण सौदा चालू आहे हे कळलं होतं.

"घेतलं का रं?"

"न्हाई, बापू. भाव उतरायची वाट पाहून राहिलो."

"बराबर," धर्मसिंग म्हणाले, आणि समाधानानं त्याच्या शेजारी बसले. बराच वेळ बसले. बापानं असं शेजारी येऊन बसावं याची लहानपणी त्याला केवढी आस असायची. आता त्याला तिथं बसवेना.

पाडव्यानंतर त्यानं दुकानात फोन लावला. भाव चढला होता. डबा तोच, फळी तीच, त्यावरची धूळसुद्धा तीच. रामजीशेठ समजुतीच्या सुरात सांगत होते की पुढचा माल याच्याही वर येणार, आपण काय करणार. ओमप्रकाशनं फोन ठेवला आणि जिना उतरून खाली गेला, मग वर आला, मग पुन्हा खाली गेला. खताच्या दुकानदारानं विचारलं, काही हरवलं का. इतका चढलेला भाव देणं म्हणजे आधीचं सगळं थांबणं पाण्यात घालणं, असं त्याला वाटत होतं. आणि न देणं म्हणजे काय, ते शिवकन्यानं सांगितलेलंच होतं. चढलेलं खाली येतं, नाणीवाल्यांच्या वेळी आलं नव्हतं का, असं म्हणून त्यानं अजून थोडे दिवस काढले. या दिवसांत शिवकन्यानं कार्डाचा विषय एकदाही काढला नाही. तिनं हातातली सगळी जुनी कामं उरकली, ड्राईव्हवर नावं घालून ठेवली, आणि हेडफोन पुसून खुंटीला अडकवला.

गल्लीत तुळशीची लग्नं लागली. खोलीत येणारा फटाक्यांचा आवाज युरियाच्या वासासारखाच दोघांनीही न ऐकल्यासारखा केला. त्यानंतरच्या सोमवारी ती बॅग घेऊन निघाली. तो सोडायला गेला.

बसमधे तिनं बॅग पायाशी ठेवली. वारंगा फाट्याला गाडी थांबली, लोक खिचडी खायला उतरले, आणि ओमप्रकाश खिडकीकडे बघत म्हणाला, "आजच घेतो कार्ड. आत्ता जाऊन. जो भाव असंल तो. तू माघारी चल."

शिवकन्यानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"घ्या," ती म्हणाली. "पर मी शब्द देऊन बसले. त्यांनी माझ्यासाठी जागा ठिवली. आता न्हाई म्हनाया तोंड न्हाई मला."

स्टुडिओच्या फाटकाशी तिला सोडून तो थेट रामजीशेठकडे गेला. शेठनी स्टुलावर चढून डबा काढला, फुंकर मारून धूळ उडवली, भाव सांगितला. ओमप्रकाशचा उजवा हात काउंटरवर आपोआप पुढं सरकला, बोटं अर्धवट मिटलेली, जणू समोरून दुसरा हात येणार आहे. समोर स्कॅनर होता. त्यानं मोबाईल धरला, पैसे गेल्याचा आवाज आला, आणि इतक्या वर्षांचा सौदा संपला. बसमधे यावेळीही डबा त्याच्या मांडीवर होता. बाजूची जागा रिकामी होती, तरी त्यानं तो तिथं ठेवला नाही.

नवं कार्ड आवाज करत नव्हतं. रणजीतची फाईल उघडली, आणि हळद, फेटे, घोड्याची मान, सगळं पाण्यासारखं वाहू लागलं. रणजीतला त्यानं लगेच फोन केला. रणजीत खूश झाला, दोन लग्नांच्या डिस्क आणून टाकल्या. ओमप्रकाश कामाला बसला. चित्र आता कुठंच अडत नव्हतं. अडत होता तो. हजार ठिकाणी कापता येत होतं आणि कुठं कापायचं ते समजत नव्हतं. त्यानं हेडफोन लावून पाहिला, डोळे मिटून पाहिले. त्याला नुसता बँड ऐकू आला. पहिली फिल्म पाहून रणजीत म्हणाला, चांगली झाली, पण हे वहिनींचं न्हाई. दुसरी डिस्क त्यानं परत मागितली नाही, आणि पुढची आणलीही नाही.

फोन येतच होते. आता सगळ्यांना एकच विचारायचं होतं, भाव चढून राहिले, घेऊ का थांबू. ओमप्रकाश मोबाईल उलटा ठेवायला लागला.

एका शनिवारी दुपारी, करायला काही नव्हतं म्हणून, त्यानं उन्हाळ्यातलं एक जुनं काम उघडलं. नरसी गावाकडचं लग्न होतं. शिवकन्यानं टेबलफॅनच्या वाऱ्यात, डोळे मिटून कापलेलं. त्यानं चालू केलं आणि पाय लांब केले. नवरी उंबऱ्यात थांबली. मावशीनं पदर सारखा केला. बँड सुरू व्हायच्या आत, त्या रिकाम्या क्षणात, चित्र बापाच्या चेहऱ्यावर गेलं. बाप दुसरीकडे बघत होता. मग बँड. सबंध फिल्म अशी गेली. एकही काप इकडचा तिकडं नव्हता. तिनं न बघता जे लावलं होतं ते आज या खोलीत पहिल्यांदा सलग चालत होतं, आणि ते बघायला एकटा तो होता.

त्याचा पाय हलत नव्हता. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो पुन्हा हलू लागला.

तो उठला. मशीनच्या सगळ्या वायरी काढल्या. गादीवरची गोधडी ओढली, तीत माऊससकट मशीन गुंडाळलं, वर दोरी बांधली. रविवारी सकाळच्या पहिल्या बसला तो उभा होता. कंडक्टरनं गाठोड्याकडे बघून विचारलं की यात काय, आणि सामानाचं वेगळं तिकीट लागेल म्हणाला. ओमप्रकाशनं विचारलं नाही केवढं. नोट पुढं केली. कंडक्टर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला, कारण या मार्गावर असं कुणी करत नसे.

मिनाच्या घरी शिवकन्या कपडे वाळत घालत होती. त्याला गाठोड्यासकट बघून तिनं चिमटे तोंडातून काढले.

"हे काहून आनलं?"

"तुला दाखवायचं हाय एक."

"फोनवर पाठवायचं मग."

"फोनवर न्हाई."

मिनाच्या टीव्हीला त्यानं मशीनची वायर लावली. मिना चहा टाकायला आत गेली. शिवकन्या हात पुसत येऊन पलंगाच्या कडेवर टेकली, अर्ध्या मनानं, उठायच्या बेतात. नरसीचं लग्न सुरू झालं. उंबरा, मावशी, पदर. तिचे हात पुसता पुसता थांबले. बापाचा चेहरा आला तेव्हा ती थोडी पुढं सरकली. ती कापाच्या आधी अर्धा क्षण श्वास घेत होती, प्रत्येक वेळी, आणि ओमप्रकाश पडद्याऐवजी तिच्याकडे बघत होता. चहा येऊन निवला.

फिल्म संपली. बाहेर कुणीतरी भंगार मागत गेलं. ओमप्रकाशला वाटलं, झालं, एवढंच होतं. रणजीतची डिस्क त्यानं आणली नव्हती. मागणं घेऊन आल्यासारखं दिसलं असतं. परतीची बस दुपारची होती. तो वाकला आणि वायर काढायला हात पुढं केला.

"थांबा," शिवकन्या म्हणाली. तिचे डोळे टीव्हीवरच होते. "मागं घ्या जरा. मावशीच्या तिथं. त्या कापाला उशीर झालाय माझा."

त्यानं वायर सोडून माऊस उचलला, तो तिनं त्याच्या हातातून घेतला. तो बाजूला झाला आणि उभा राहिला.